भाऊ, अधिवेशन संपलं. आता मतदारांना पत्र लिहायला घ्या

अभिनंदन, भाऊ. निवडून येऊन वर्ष उलटलं, नागपूरचं दुसरं हिवाळी अधिवेशनही पार पडलं. विधान भवनाच्या पायऱ्यांवर फोटो निघाले आणि त्यातल्या दोनात तरी तुमचा चेहरा कुणाच्या फेट्याआड गेलेला नाही. आता मतदारसंघात कार्यअहवाल पाठवायचा. चार पानं, गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर हात जोडलेले तुम्ही आणि मागे उगवता सूर्य. तुम्ही परंपरेचे पाईक असल्यामुळे मजकुराची चिंता नाही. रस्त्यांच्या नावावर मतं मागणाऱ्या आमदाराची पंचाईत होते, कारण रस्ता मोजता येतो. संस्कृतीरक्षण किती किलोमीटर झालं, याचं मोजमाप पुस्तक अजून बांधकाम खात्यानंही काढलेलं नाही.

सुरुवात नागपूर करारानं करा. २८ सप्टेंबर १९५३ चा करार, विदर्भाला महाराष्ट्रात आणण्यासाठी झालेला. सरकार दरवर्षी ठराविक काळ नागपुरात येऊन बसेल आणि विधिमंडळाचं एक तरी अधिवेशन इथं होईल, असं त्यात कबूल केलेलं आहे. राजधानी गेली त्या बदल्यात पाहुणे मिळाले. पहिल्या परिच्छेदात 'पूर्वजांचा शब्द आम्ही पाळतो' असं ठणकावून लिहा. तारखा मात्र देऊ नका. २०२४ ला १६ ते २१ डिसेंबर आणि २०२५ ला ८ ते १४ डिसेंबर, असं कुणी शेजारी शेजारी लिहून पाहिलं तर आमच्याकडे लग्नाला आलेले मामासुद्धा जास्त राहतात हे त्याच्या ध्यानात येईल. २०२० आणि २०२१ ला तर अधिवेशन मुंबईतच झालं आणि करार तसाच शाबूत राहिला. तेव्हा दिवसांचा हिशेब टाळून 'अहोरात्र जनतेचे प्रश्न मांडले' एवढंच लिहावं. रात्रीचा भाग खोटा नाही. फक्त त्या रात्रीचा तपशील सावजीच्या भोजनालयातला आहे, आणि तुमच्या शाकाहारावरच्या भाषणाची चित्रफीत अजून फिरते आहे, म्हणून तो गाळा.

आता कायदे. मतदाराला कायद्याचं नाव सांगावं, कलम सांगू नये, हे पक्कं धरून चाला. विशेष जनसुरक्षा विधेयकाचंच घ्या. जुलै २०२४ मध्ये मुंबईत मांडलं, डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या नागपुरात पुन्हा मांडलं, संयुक्त समितीकडे गेलं, लोकांच्या बारा हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या आणि १० जुलै २०२५ ला विधानसभेनं ते आवाजी मतदानानं मंजूर केलं. तुम्ही लिहायचं, 'राष्ट्रविरोधी शक्तींच्या नाड्या आवळणारा ऐतिहासिक कायदा करण्यात माझा खारीचा वाटा.' संघटना बेकायदेशीर ठरवायची म्हणजे कशी, कुणाच्या सहीनं, दाद कुठं मागायची, हे त्या बारा हजारांनी विचारलेलं आहे, तुम्ही कशाला विचारता? आणि आवाजी मतदानाची खुबी अशी की कुणाचा आवाज कुठं होता याची नोंद राहत नाही. त्या दुपारी तुम्ही सभागृहात होता की उपाहारगृहात, हे तुम्हाला आणि चहावाल्याला माहीत. 'होय'चा आवाज आपलाच होता असं बिनधास्त छापा.

हिंदीचा मामला जरा नाजूक. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी, असा शासन निर्णय निघाला तेव्हा तुम्ही राष्ट्रीय एकात्मतेबद्दल सरकारचं अभिनंदन केलं. १७ जूनला सुधारित निर्णय आला, त्याच्या लवचीकतेबद्दल अभिनंदन केलं. २९ जूनला दोन्ही रद्द झाले, तेव्हा मायमराठीच्या सन्मानाबद्दल अभिनंदन केलं. हे तिन्ही संदेश कार्यकर्त्यांच्या मोबाइलमध्ये आहेत. घाबरू नका, तिन्ही छापा, फक्त पानं वेगवेगळी ठेवा. कार्यअहवाल कुणी सलग वाचत नाही. पहिलं पान पाहतात, आपल्या गावाचं नाव शोधतात, आणि मग त्यावर चिवडा घेतात.

गाईवर मात्र पूर्ण पान द्या. ३० सप्टेंबर २०२४ ला सरकारनं देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केलं आणि गोशाळेतल्या देशी गाईसाठी दिवसाला पन्नास रुपये अनुदान ठरवलं. तुम्ही तेव्हा आमदार नव्हता, पण श्रेय घ्यायला कुठं तारीख लागते? गाईला पेढा भरवतानाचा फोटो असेलच. नसला तर काढून घ्या, पण गाय गरीब पाहून घ्या, गेल्या वेळी वासरानं शाल ओढली होती. अडचण एकच. अनुदान गोशाळेतल्या गाईला आहे, शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या गाईला नाही. आणि २०१५ पासून बैलाचीही कत्तल बंद आहे. त्यामुळे एखादा म्हातारा बांधावर उभा राहून विचारील, 'भाऊ, माहा बैल आता उठत नाही, कडबा चाललाच आहे, बाजारात कोणी हात लावत नाही, त्याचं काय करू?' अशा माणसाशी चर्चेत शिरू नका. त्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि पूर्वजांनी बैलाला देव मानलं हे त्याला समजावून सांगा. त्यानं दरवर्षी पोळ्याला त्याच बैलाच्या शिंगांना बेगड लावलेलं असतं, तरी तो ऐकून घेईल. आपल्याकडचे लोक फार सोशिक आहेत, बाप्पा.

एक अशासकीय विधेयकही मांडून ठेवा, म्हणजे सरकारचं नाही, मंत्री नसलेल्या आमदारानं स्वतःचं मांडलेलं. प्रेमविवाहाला आईवडिलांची लेखी संमती, असं काहीतरी. ते कायदा होईल का, ही शंका मनात आणू नका, व्हायला नकोच आहे. संसदेत १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, आपलं विधिमंडळ काही वेगळ्या मातीचं नाही. अशा कामाला शुक्रवार ठेवलेला आणि आठवड्याच्या अधिवेशनात शुक्रवार येतो एक. तेवढ्यात तुमचा नंबर लागणार नाही, म्हणजे कुणी खोडूनही काढणार नाही. 'कुटुंबव्यवस्था वाचवण्यासाठी विधेयक सादर' हा मथळा पाच वर्षं पुरतो. तुमच्या स्वतःच्या पुतण्यानं पुण्यात कुणाला न सांगता लग्न उरकलं त्याला तीन महिने झाले. तो मजकूर कौटुंबिक आहे, कार्यअहवालात येत नाही.

यंदा तर सोन्याहून पिवळं. दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेताच नव्हता. समोरची ती खुर्चीच रिकामी असल्यावर 'विरोधकांची बोलती बंद केली' हे वाक्य शब्दशः खरं ठरतं. वापरा.

मतदारसंघाच्या बातम्या थोडक्यात आटपा. आमदार निधी वर्षाला पाच कोटी, त्यातून हायमास्ट, सभामंडप, व्यायामाची लोखंडी यंत्रं. पंचवीस-पंधराची, म्हणजे ग्रामविकास खात्याच्या २५१५ या लेखाशीर्षातली कामं वेगळी दाखवा, म्हणजे एकच सिमेंट रस्ता दोन ठिकाणी बसतो. संत्र्याबद्दल फार लिहू नका. बांगलादेशानं आयातशुल्क वाढवल्यापासून बागायतदाराचं गणित बिघडलंय, त्यावर फळगळ. तुम्ही त्यावर लक्षवेधी सूचना दिली होती, ती चर्चेला लागली नाही. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाल्याचं मोठ्या अक्षरांत टाका आणि बाजारात त्यात ओलावा किती निघाला म्हणून किती कापले, ते व्यापाऱ्यावर सोडा. डीपी, म्हणजे शेताला वीज देणारं रोहित्र, जळाल्याच्या तक्रारी मात्र अजिबात नकोत. ६ जुलै २०१८ ला इथंच पावसाळी अधिवेशनात पाणी साचलं, विधान भवनाची वीज गेली आणि सभागृह तहकूब झालं होतं. शेतकऱ्याची डीपी जळली की गव्हाची पाळी तहकूब होते, पण त्यासाठी कुणी पायऱ्यांवर येऊन बाईट देत नाही.

आता मोर्चे, कारण नागपूरचं अधिवेशन म्हणजे निम्मं अधिवेशन रस्त्यावर. यशवंत स्टेडियम, पटवर्धन मैदान इथून निघायचं आणि टेकडी रोडवर किंवा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला कठड्यांसमोर बसायचं. आत जे चालतं त्याला कामकाज म्हणतात. बाहेर अंगणवाडीच्या बाया, आशा, कोतवाल, विनाअनुदानित शिक्षक. शाळेचा पट भरावा तसे दरवर्षी तेच चेहरे येतात, फक्त केस पांढरे झालेले. तुमच्या मतदारसंघातलीही एक अंगणवाडी सेविका होती, बघा. पहाटेच्या एसटीनं आलेली. डांबरी रस्त्यावर वर्तमानपत्र अंथरून बसली होती, डब्यात पोळी आणि लसणाची चटणी. निवेदन तिनं प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर पदर, असं धरलं होतं, चुरगळू नये म्हणून. तुमची गाडी कठड्याच्या त्या बाजूनं गेली तेव्हा तिनं उठून हात केला. काच वर होती. ऊन लागतं डिसेंबरातसुद्धा.

संध्याकाळी पाच जणींचं शिष्टमंडळ पोलिसांच्या गाडीतून आत नेलं. मंत्र्यांच्या दालनाबाहेर दीड तास उभ्या, मग आत दोन मिनिटं. साहेबांनी कोपऱ्यात शेरा मारला, 'तपासून सादर करावे.' हिरवी शाई. ती बाई तो कागद परत मागत होती, दाखवायला, की खरंच काहीतरी लिहिलंय. कागद आवक विभागाकडे जातो, असा परत मिळत नाही, हे तिला शिपायानं समजावलं. तुम्ही नेमके त्या वेळी दालनात होता आणि फोटोत तिच्या शेजारी आलात, हा योग चांगला जुळला. तिसऱ्या पानावर तोच फोटो टाका आणि खाली लिहा, 'अंगणवाडी सेविकांच्या मागण्यांसाठी आग्रही पाठपुरावा.' तिचं नाव छापू नका, लहानपणापासूनची ओळख असली तरी. नाव छापलं की ती फोन करते.

त्याच पानावर एक गोष्ट चुकूनही येऊ देऊ नका. २३ नोव्हेंबर १९९४ ला इथंच, हिवाळी अधिवेशनावर आलेला गोवारींचा मोर्चा विधान भवनाच्या अलीकडे अडवला होता. अनुसूचित जमातीच्या सवलती हव्या होत्या त्यांना. भेटायला वेळेत कुणी आलं नाही, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली, ११४ जण मेले, त्यात बायका आणि पोरं कितीतरी. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे, तुमचा ताफा त्यावरूनच जातो. मागणी २०१८ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मान्य केली आणि २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. नोव्हेंबरात स्मारकावर जा, फूल वाहा, तो फोटो वेगळा वापरा. पण मोर्च्याच्या फोटोजवळ तो नको. वाचणाऱ्याच्या डोक्यात उगाच येईल की तेव्हा बाहेर येऊन भेटायला किती पावलं चालावी लागली असती, आणि यंदा तुम्ही किती चाललात.

कार्यअहवाल छापून झाला की वाटपाचं बघा. टपालानं पाठवू नका, कार्यकर्त्यांच्या हातून घरोघर द्या, सोबत दिनदर्शिका. लोक दिनदर्शिका ठेवतात, म्हणून तुमचा फोटो तिच्यावर मोठा हवा, एकादशी आणि चतुर्थी लाल अक्षरांत. कुणी कार्यअहवाल खरंच वाचून उलट चिठ्ठी लिहिलीच, की अमुक रस्ता दोनदा छापलाय, किंवा तो बैल अजून बांधलेलाच आहे, तर ती फाडू नका. पुढच्या अंकात 'मतदारांचा उदंड प्रतिसाद' या चौकटीत चिठ्ठ्यांची संख्या द्यायला ती कामी येते.

राहिला संपर्क. शेवटच्या पानावर दूरध्वनी क्रमांक देणं भाग आहे, नाहीतर माणूस उपलब्ध नसतो अशी आवई उठते. स्वतःचा मोबाइल देऊ नका, स्वीय सहाय्यकाचाही नको, तो बिचारा आधीच तीन सिमकार्डं सांभाळतोय. सिव्हिल लाइन्समधल्या आमदार निवासातल्या तुमच्या खोलीचा नंबर द्या. किल्ली १५ डिसेंबरलाच जमा केली ना?