मिश्रण म्हटलं की गोड वाटतं

ब्राझीलमध्ये नेगिन्यो दा बेइजा-फ्लोर नावाचा सांबा गायक आहे. नेगिन्यो म्हणजे लाडाने 'काळू'. २००७ साली बीबीसी ब्राझीलने काही नामवंत कृष्णवर्णीयांचे डीएनए तपासून घेतले, तेव्हा या काळूच्या वंशात युरोप निघाला ६७.१ टक्के आणि आफ्रिका ३१.५!

असलं काही वाचलं की आपण खूश होतो. बघा, सगळे मिसळलेलेच, मग कसला वंशभेद? तिथले आरक्षणविरोधकही हेच म्हणत आले. पण २०१२ च्या कायद्याने विद्यापीठांत राखीव जागा मिळतात, त्यांची पडताळणी करणारी समिती माणसाचा चेहरामोहरा बघते, रक्ताचा रिपोर्ट नाही. मला ते पटतं. नोकरी नाकारणारा तरी कुठे रिपोर्ट मागतो?

आणि मुळात हे मिसळणं झालं कसं? मे २०२५ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत २,७२३ ब्राझिलियनांच्या संपूर्ण जीनोमचा, म्हणजे सगळ्या डीएनएचा अभ्यास आला. सरासरी साधारण ५९ टक्के युरोप, २७ आफ्रिका, १३ मूलनिवासी. लोक एवढंच शेअर करतात. खरी गोष्ट पुढे आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. ते ७१ टक्के युरोपीय. मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून येतो. तो ४२ टक्के आफ्रिकी आणि ३५ टक्के मूलनिवासी.

म्हणजे बाप बहुतेक युरोपातले, आया मूळ तिथल्याच किंवा गुलामांच्या जहाजातून आणलेल्या. जवळपास ५० लाख आफ्रिकी माणसं त्या देशात उतरवली गेली आणि गुलामगिरी संपली १३ मे १८८८ ला. मालक आणि गुलाम बाई यांच्यातल्या त्या संबंधांना 'मिश्रण' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ब्राझीलचे जनुकशास्त्रज्ञ सेर्जिओ पेना यांच्या गटाने २००० सालीच दाखवलं होतं की स्वतःला गोरे म्हणवणाऱ्यांतही दहातल्या सहा जणांची आईकडची वंशरेषा आफ्रिकी किंवा मूलनिवासी आहे. ती खापरपणजी कोण, हे घरात कुणाला ठाऊक नसतं. (आमच्याकडच्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत, बाई एकही नाही. त्यामुळे फार बोलत नाही.) त्यात १८९० मध्ये अर्थमंत्री रुई बार्बोझा यांनी गुलामांच्या सरकारी नोंदी नष्ट करायचा हुकूम काढला. मालकांना भरपाई मागता येऊ नये, हा हेतू होता म्हणतात. असेलही. पण जळालेल्या कागदांत या बायकांचीही नावं होती.