'ऑन्ट सॅली' सगळ्यांना मिळू द्या की!

जपानमधल्या ओसाकाच्या 'ऑन्ट सॅली' या पंक रॉक बँडचा १९७९चा एकुलता एक स्टुडिओ अल्बम पुन्हा विनाइलवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या तबकडीवर आला, तेव्हापासून काही संग्राहकांच्या पोटात दुखतंय. "आता काय, कुणाच्याही घरी दिसेल!" अहो, दिसू दे की. रेकॉर्ड काढतात ती लोकांनी ऐकावी म्हणूनच ना?

मूळ प्रती मुळातच थोड्या. 'रॉक मॅगझिन'चे संपादक आगी युझुरू यांनी १९७८मध्ये ओसाकात 'व्हॅनिटी रेकॉर्ड्स' हे छोटं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, सुरू केलं, त्याच लेबलचा हा अल्बम. १९८०पर्यंत बँड मोडलाही. मग जुन्या प्रतींचे भाव असे चढले की आपल्यासारख्यांनी नुसतं कव्हरचं चित्र बघून समाधान मानायचं.

आणि आत आहे काय? पंक म्हटल्यावर आरडाओरडा अपेक्षित असतो. इथे फ्यू नावाची गायिका हजेरी घेतल्यासारखी, जराही न चिडता, सपाट आवाजात गाते. गिटार खरखरीत, आणि कीबोर्डवर मधूनच बालगीतासारखी भाबडी चाल. त्यात भर म्हणून 'लोरेलाय'! जपानी शाळांत शिकवलं जाणारं हे जुनं जर्मन गाणं इतक्या थंडपणे येतं की अंगावर काटा येतो. मला तर आरडाओरड्यापेक्षा हेच जास्त बंडखोर वाटतं.

हीच फ्यू पुढे जर्मनीत निर्माता कॉनी प्लँकच्या स्टुडिओत गेली आणि 'कॅन' या जर्मन रॉक बँडच्या होल्गर चुकाई आणि याकी लीबेत्साइटला सोबत घेऊन तिने १९८१चा आपला पहिला सोलो अल्बम केला. आजही ती इलेक्ट्रॉनिक संगीत करते आहे. आता सांगा, जुनी प्रत लिलावात हजारो रुपयांना विकली गेली तर तिच्या हातात काय पडतं? शून्य. सगळा मलिदा विकणाऱ्याचा. रीतसर परवानगीने काढलेल्या नव्या आवृत्तीत निदान कलाकाराला काही मिळण्याची सोय तरी असते.

"पहिल्या छापाचा आवाज वेगळाच" हे पालुपदही नको. चांगल्या टेपवरून नीट मास्टरिंग, म्हणजे छापण्याआधीची आवाजाची शेवटची तयारी, केलं असेल तर नवी प्रत, चाळीस वर्षं सुईखाली घासलेल्या जुनीपेक्षा स्वच्छच वाजणार.

माझी तक्रार फक्त रंगीत 'लिमिटेड एडिशन'च्या धंद्याबद्दल आहे. अल्बम एकच, पण लाल वेगळी, पारदर्शक वेगळी, आणि दोन्ही दुसऱ्या दिवशी दुप्पट भावात विकायला हजर! साधी काळी तबकडी काढा, संपली की पुन्हा छापा. आपल्याकडे मागवताना कुरिअर आणि कस्टम्सचा भुर्दंड आहेच, त्यात रंगाचे पैसे कशाला?