उचलून पानावर ठेवला, तर बिघडलं कुठे?

पावसाळा लागला की हा सल्ला हमखास फिरतो: ‘नखाएवढे बेडूक पातेऱ्यात नीट टिपता येत नाहीत. हात ओले करून उचला, छानशा पानावर ठेवा, फार उड्या मारत असेल तर डबीत घालून जरा फ्रिजमध्ये ठेवा. फोटो झाला की सोडा, त्याला काही होत नाही.’

काही होत नाही? केरळच्या एका जंगलात २०२० साली संशोधकांना पडलेल्या ओंडक्याखाली सात गॅलेक्सी फ्रॉग सापडले. बोटाच्या पेराएवढा काळा बेडूक, अंगावर फिकट निळे ठिपके. संशोधक पुन्हा गेले तेव्हा ओंडके उलटलेले, झाडोरा तुडवलेला, बेडूक एकही नाही. वाटाड्याकडून कळलं, की फोटोग्राफर येऊन ओंडके उलटत होते, उघड्या हातांनी बेडूक शेवाळावर नेऊन ठेवत होते. त्या हाताळणीत दोन मेले.

हात ओले केल्याने हे टळत नाही. बेडूक कातडीनेही श्वास घेतो, पाणीही कातडीतूनच शोषतो. हाताला राहिलेलं डासांचं मलम किंवा सॅनिटायझर त्याच वाटेने आत जातं. शिवाय बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटात आढळली आहे. एका बेडकावरून दुसऱ्यावर ती आपल्याच हाताने जाऊ शकते.

फ्रिजमधला बेडूक शांत झालेला नसतो. गारठ्याने त्याला हलता येत नाही, एवढंच.

आणि ‘नीट टिपता येत नाहीत’ हे मला अजिबात मान्य नाही. दोन सेंटीमीटरच्या बेडकासाठी मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, टोकाला न्यावीच लागत नाही. अर्ध्या मोठेपणावर (सेन्सरवर बेडकाची प्रतिमा प्रत्यक्षाच्या निम्मी) मोठ्या सेन्सरच्या, फुल-फ्रेम कॅमेऱ्यात सुमारे सात सेंटीमीटर रुंदी मावते, म्हणजे बेडूक येतो आणि तो बसलाय ती फांदीही. फोकसमध्येही जास्त भाग राहतो. आंबोलीत रात्री झुडूपबेडकाचे नर ओरडत असतात. टॉर्च पडला की गप्प होतात. उजेड मंद करून थांबा. नर पुन्हा सुरू होतो, गळ्याची पिशवी टम्म फुगते. लेन्सचं छिद्र लहान, एफ/११, उजेड मऊ करणारा डिफ्यूजर लावलेला फ्लॅश, बास. उचलून ठेवलेला बेडूक अंग चोरून बसतो, त्याच्याकडून हा क्षण मिळत नाही.

राहिलं सोडून देणं. मादी येते ती नराच्या हाकेच्या जागी, आपण त्याला सोडलं तिथे नाही. शिवाय अनेक झुडूपबेडकांची अंडी पाण्यात नसतातच; ती पानांवर किंवा ओल्या मातीत असतात आणि त्यांतून थेट पिल्लू निघतं. बेडूक पकडायला वाट सोडून आत शिरलं, की पाय त्यांवरच पडू शकतो.