मथुशलह आणि आमचे धोंडोपंत

ज्या घरात निवृत्त माणूस आणि वंशावळ एकत्र नांदतात, तिथे रविवारी सकाळी जाऊ नये. मी जातो, कारण इंदूरच्या रामबागेतल्या काकूच्या हातचे पोहे. वर शेव, जिरावण, बाजूला गरम जलेबी. आणि समोर काका.

कोकणातून होळकरांच्या चाकरीत कोण कधी आलं, हा आमचा कुलवृत्तांत काकांनी लिहून संपवला आणि ते रिकामे झाले. मग शेजारच्या ख्रिस्ती मास्तरांकडून मराठी बायबल आणलं. लोक त्यातली स्तोत्रं वाचतात, दृष्टांत वाचतात. काकांनी उघडला 'पहिला इतिहास'. त्यात सुरुवातीचे नऊ अध्याय जवळजवळ नुसती नावं! काका हरखून गेले.

"आता उत्पत्तीचा पाचवा अध्याय घे. आदामापासून नोहापर्यंत 10 पिढ्या. आदाम म्हणजे माणूस, शेथ म्हणजे नेमलेला, अनोश म्हणजे मर्त्य..." हनोखापर्यंत येईस्तोवर माझा घास हातातच. दहा अर्थ ओळीनं लावले की म्हणे वाक्य तयार होतं: माणसाच्या वाट्याला मर्त्य दुःख नेमलेलं आहे, पण स्तुत्य देव खाली उतरेल, शिकवेल, आणि त्याच्या मरणानं खचलेल्यांना विसावा मिळेल.

अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू! पण केनान म्हणजे दुःख, हे जरा ओढूनताणूनच. 'त्याच्या मरणानं' हा अर्थ ज्या मथुशलहाच्या नावातून काढतात, त्याचा अर्थ काही जण भालेवाला असाही लावतात. लामेखाच्या अर्थावर तर जाणकारांचंच एकमत नाही. मी हे म्हणताच काकांनी वही पुढे सरकवली.

"अर्थ सोड, हिशेब बघ. मथुशलहाच्या 187व्या वर्षी लामेख झाला. लामेखाच्या 182व्या वर्षी नोहा. नोहाच्या 600व्या वर्षी जलप्रलय. कर बेरीज."

969. मथुशलहाचं आयुष्यही 969च. म्हातारा गेला त्याच वर्षी पाणी आलं.

"म्हणजे बुडून गेला की काय बिचारा?" स्वयंपाकघरातून काकू. काकांनी ऐकलं नाहीसं केलं.

मग तीच युक्ती आमच्या घराण्यावर. मूळपुरुष धोंडोपंत, त्यांचे गोविंद, त्यांचे पुन्हा धोंडो, त्यांचे पुन्हा गोविंद. नातवाला आजोबाचं नाव द्यायची रीतच होती. अर्थ लावला तर: दगड, गुराखी, दगड, गुराखी. काकांना यातही काही गूढ दिसू लागलं होतं.

"कसलं गूढ? आधीची मुलं जगली नसतील, म्हणून ठेवलं धोंडो," काकू म्हणाली. खरं तर दहा पिढ्यांच्या त्या वाक्यापेक्षा मला हे जास्त लागलं. पण जलेबी आली आणि विषय मत्तयाच्या शुभवर्तमानावर, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रावर गेला.

मत्तयानं येशूची वंशावळ 14-14-14 पिढ्यांत बसवली आहे. हिब्रू अक्षरांना आकड्यांची किंमत असते, आणि येशूचा पूर्वज दावीद राजा याच्या नावातल्या अक्षरांची बेरीजही 4, 6, 4 मिळून 14. हा आकडा जमवायला त्यानं तीन राजे चक्क गाळले. काका खूश, ताळेबंद जुळवण्यात त्यांचीही हयात गेली आहे. काकूचं बोट मात्र भलत्याच ओळींवर होतं. तामार. राहाब. रूथ. चौथीचं तर नावही नाही, नुसती 'उरीयाची बायको'.

"यातली एक सासऱ्याला फसवून आई झालेली, एक वेश्या, एक परक्या मुलखातली विधवा. तरी त्या माणसानं लिहिल्या ना? अहो, तुमच्या एवढ्या जाड कुलवृत्तांतात एक तरी बाई आहे?"

काका गप्प. मग म्हणाले, "घालू की पुरवणीत."

तेव्हापासून देवास, धार, उज्जैन, सगळीकडे फोन चालू आहेत. बायकांची नावं लग्नात बदललेली. सासरचं नाव सापडलं तर माहेरचं सापडत नाही. पणजीचं विचारावं तर पलीकडून उत्तर, "आम्ही आजीच म्हणायचो." ज्यांची दोन्ही नावं मिळाली, तिथे काका पुन्हा अडले: अर्थ कुठल्या नावाचा धरायचा?

"बाकीच्यांचं तुम्ही ठरवा," काकू बशी उचलताना म्हणाली. "माझी दोन्ही लिहा. आणि कुसुम आधी. सुमती तुमच्या आईंनी ठेवलं होतं."