‘राउटरला हातही लावला नाही’ : एक तारा देणाऱ्या ग्राहकांना आमचं उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. रत्नागिरीजवळच्या गावी तुमचे आईवडील जुन्या जांभ्याच्या घरात राहतात. घरात फायबरचं नेट आणि त्यावरच लँडलाइन. नेट दिवसातून पाच-सहा वेळा जातं, फोनमध्ये खरखर येते, पावसाची झड लागली की फोन बंदच. आमचा दुरुस्तीचा माणूस आला, राउटर न बदलता नुसता अ‍ॅडॅप्टर बदलला, कसले तरी आकडे लिहून घेतले आणि भेटीचे ३०० व अ‍ॅडॅप्टरचे ३५० रुपये घेऊन गेला. मग तुम्ही मुंबईहून महागातला नवा राउटर पाठवलात, तो शेजारच्या मुलाने जोडला, आणि आता माडीवर नेटच येत नाही. म्हणून एक तारा.

ताऱ्यांबद्दल वाद घालत नाही. पण ‘राउटर बदलला असता तर प्रश्न मिटला असता’ हे तुमचं वाक्य तसंच सोडता येत नाही, कारण राउटर आता बदललेला आहे आणि प्रश्न जागेवर आहे. त्या घरात एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन भानगडी आहेत. तिन्हींचं खापर राउटरवर फुटतं, कारण घरात डोळ्यांसमोर दिसतो तोच. शिवाय तो बंद करून चालू केला की नेट येतं, म्हणजे बिघाड त्यातच, असा सगळ्यांचा समज. रीस्टार्टने कनेक्शन नव्याने लागतं, मोबाइलला नवा पत्ता मिळतो, वायफाय कमी गर्दीचं चॅनल शोधतं. त्यामुळे बिघाड कुठेही असला तरी तासभर बरं वाटतं. रीस्टार्टने नेट आलं यावरून राउटर खराब आहे असं ठरत नाही.

आधी अ‍ॅडॅप्टर. फायबर ज्या डब्यात शिरते तो, म्हणजे ओएनटी (जुनं वायफायही यातूनच येतं), तुमच्याकडे १२ व्होल्ट दीड अँपिअरचा आहे. जुना अ‍ॅडॅप्टर मोकळा मोजला तर मीटर १२.१ दाखवत होता. अशा वेळी बहुतेक जण ‘अ‍ॅडॅप्टर ठीक आहे’ म्हणून पुढे जातात. डबा जोडून, वायफाय चालू ठेवून मोजल्यावर तोच १०.२ वर आला. आतला कपॅसिटर थकला की असं होतं. मोकळं मोजून हे कधीच कळत नाही, भारावरच मोजावं लागतं. आता यात फोनचा काय संबंध? लँडलाइनची घंटी वाजवायला ओएनटीला फोनच्या तारेवर बरंच जास्त व्होल्टेज तयार करावं लागतं. त्या क्षणी तो जास्त वीज ओढतो, थकलेला अ‍ॅडॅप्टर मान टाकतो आणि डबा रीस्टार्ट होतो. ‘फोन वाजला की नेट जातं’ असं तुमच्या वडिलांनी सांगितलं होतं, ते अगदी बरोबर निरीक्षण होतं. (जुन्या तांब्याच्या लाइनवर ज्यांचं ब्रॉडबँड अजून चालू आहे, त्यांच्याकडे याच लक्षणाचं कारण वेगळं असतं: एखादा जादा फोन फिल्टरशिवाय, म्हणजे फोन आणि नेट वेगळं करणाऱ्या डबीशिवाय, थेट लाइनवर जोडलेला असतो. तिथे अ‍ॅडॅप्टर बदलून काही होणार नाही, प्रत्येक फोन फिल्टरमागे घ्यावा लागतो.)

अ‍ॅडॅप्टर घरी आणून लावणार असाल तर व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी चालत नाहीत. सेट टॉप बॉक्सचा अ‍ॅडॅप्टर पिन बसते म्हणून लावू नका. पिन बसणं आणि पुरेसा करंट मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अ‍ॅडॅप्टर बदलल्यावर फोन वाजताना नेट जाणं थांबलं, हे तुमच्या वडिलांनी नंतर फोनवर सांगितलं. अभिप्रायात तेवढं राहून गेलं असावं. पण दिवे मिचकावल्यावर नेट जाणं थांबलेलं नाही आणि अ‍ॅडॅप्टरने ते थांबणारही नाही. पावसाळ्यात गावात वीज अर्धा सेकंद जाऊन परत येते. बल्बला काही होत नाही, ओएनटी मात्र बंद पडतो आणि पुन्हा उठून लाइन धरायला त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. इन्व्हर्टर आहे हे खरं, पण त्याच्या मागचं बटण साध्या मोडवर होतं. ते यूपीएस मोडवर ठेवा, वीज बदलताना पडणारा खंड कमी होतो. तरी डबा रीस्टार्ट झाला तर राउटरसाठी मिळतो तो छोटा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. ९ व्होल्टचाही मिळतो, तो नको. वीज गेली की फोन बंद पडतो हीसुद्धा तुमची तक्रार आहे. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांमधून ४८ व्होल्ट तारेवरूनच यायचे, म्हणून गाव अंधारात असलं तरी डायल टोन असायचा. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. फोनची वीज आता घरातूनच द्यावी लागते. वयस्कर माणसं घरात एकटी असतील तर माझ्या मते नव्या राउटरच्या आधी मिनी यूपीएस घ्यायला हवा होता.

दुसरी भानगड फोनच्या खरखरीची, आणि खरं तर काम इथेच अडलं आहे. फायबरवरच्या फोनमध्ये नेटमुळे दोष आला तर आवाज तुटतो, शब्द गायब होतात, समोरचा यंत्रासारखा बोलतो. खरखर, गुणगुण, मध्येच कडकड हे सगळं तांब्याचं लक्षण आहे, म्हणजे ओएनटीपासून हँडसेटपर्यंतच्या तारेचं. आमच्या माणसाने फोन भिंतीवरून काढून नव्या दोन मीटरच्या वायरने थेट ओएनटीच्या फोन पोर्टला लावला. आवाज स्वच्छ. परत भिंतीवर लावला, खरखर हजर. म्हणजे ओएनटी चांगला, फोनही चांगला, बिघाड मधल्या वायरिंगचा. फायबर घेताना कुणीतरी सोय म्हणून ओएनटीची फोनची तार पडवीतल्या जुन्या रोझेटमध्ये, म्हणजे फोनच्या तारा जोडायच्या भिंतीवरच्या डबीत, जोडून टाकली आहे, म्हणजे माजघरातला आणि माडीवरचा असे दोन्ही फोन चालतील. त्या रोझेटमध्ये खांबावरून येणारी जुनी तांब्याची तार अजून तशीच अडकवलेली आहे. बाहेर ती आंब्याच्या फांदीवर उघडी लोंबते. झड लागली की त्या तारेत पाणी शिरतं, दोन तारांमध्ये गळती सुरू होते, आधी खरखर येते, मग ओएनटीला वाटतं रिसीव्हर उचललेलाच आहे. बाहेरच्याला एंगेज, घरात डायल टोन नाही. दोन दिवस ऊन पडलं की फोन आपोआप सुरू.

उपाय अर्ध्या तासाचा आहे. रोझेट उघडायचं, खांबावरची जोडी कापून टोकं वेगळी टेपने बंद करायची, हिरवट झालेले स्क्रू आणि तारेची टोकं कापून नवी करायची, आणि रोझेट पडवीतून आत घ्यायचं. भिंतीवरची पट्टी काढावी लागेल म्हणून वडील म्हणाले, ‘मुलाला विचारून सांगतो.’ पावतीच्या मागे हे लिहून दिलेलं आहे. हे काम लवकर करायचं दुसरं कारण म्हणजे आकाशातली वीज. वळवाच्या पावसात ती मोकळी तार विजेचा झटका थेट ओएनटीच्या फोन पोर्टपर्यंत आणू शकते, आणि पोर्ट जळला की अख्खा डबा बदलावा लागतो. तोवर ढग गडगडू लागले की फोनची पिन आणि अ‍ॅडॅप्टर काढून ठेवा. फायबरची पिन काढू नका. ती उगाच काढली की तोंडावर धूळ बसते. आणि तिच्या टोकाकडे डोळा लावून कधीच पाहू नका, त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, इजा मात्र होऊ शकते.

‘कसले तरी आकडे’ म्हणालात ते लाइनमधल्या प्रकाशाचे. त्या दिवशी उणे २१.४ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) होते. घरगुती फायबरमध्ये साधारण उणे २७ ही ओएनटीची शेवटची मर्यादा. उणे २५ च्या खाली गेलं की आम्ही लाइन कच्ची समजतो. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे २१ आणि २७ मध्ये चौपट फरक आहे. तुमची लाइन चांगली आहे, म्हणूनच कंपनीकडे तक्रार टाकायला सांगितलं नाही. हा आकडा तुम्हालाही बघता येतो. ओएनटीला जोडलेल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, डब्याखालच्या स्टिकरवरचं नाव-पासवर्ड द्या आणि ऑप्टिकल किंवा पॉनच्या (फायबर लाइनच्या) पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे पोचलेल्या प्रकाशाचा आकडा, पाहा. आज २१ आणि वाऱ्यापावसात २६ दिसलं तर समजा, बाहेर फायबर कुठेतरी ताणली जाते, दुमडते किंवा जोडाच्या पेटीत पाणी गेलंय. ते काम कंपनीचं, आणि तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ म्हणण्यापेक्षा हे दोन आकडे सांगा.

आता नवा राउटर. पाठवलेल्या फोटोत ओएनटीकडून आलेली केबल नव्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये (घरातली यंत्रं जोडायच्या) दिसते, वॅन पोर्ट (बाहेरचं नेट घ्यायचा) रिकामा. दोन्ही डबे स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ सांगतात आणि दोन्ही मोबाइलना पत्ते वाटतात. ज्याला ओएनटीकडून पत्ता मिळाला त्याचं नेट कधी चालतं, कधी अडतं. ज्याला नव्याकडून मिळाला त्याला ‘कनेक्टेड, पण इंटरनेट नाही’ असं दिसतं. कुणाचं चालतं, कुणाचं नाही, असं वाटतं ते यामुळे. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (म्हणजे पत्ते न वाटता नुसतं वायफाय देणारा) निवडा. तो मोड नसेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणं, बंद करा आणि केबल लॅनमध्येच राहू द्या. दोन्हींच्या वायफायला एकच नाव, एकच पासवर्ड, पण २.४ गिगाहर्ट्झवर एकाला चॅनल १ आणि दुसऱ्याला ११ द्या, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ओएनटीचं वायफाय शेजारच्या मुलाने बंद केलंय, ते परत चालू करा.

माडीवर नेट न येण्याचं कारण मात्र सेटिंगमध्ये नाही, जागेत आहे. नवा राउटर ओटीवर टीव्हीच्या कपाटात, लोखंडी कपाटाला टेकून ठेवलाय. जांभ्याची भिंत जाड, सच्छिद्र आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी. ५ गिगाहर्ट्झ तिच्यातून पलीकडे जवळजवळ पोचत नाही, २.४ अर्धमुर्धं. राउटर कितीही महाग असला तरी यात फरक पडत नाही, आणि बिनतारी रिपीटर किंवा मेशचे डबेही त्याच भिंतीपाशी अडतात. पण तुमच्या माडीला खाली लाकडाची तक्तपोशी आहे, स्लॅब नाही. लाकडातून वायफाय बऱ्यापैकी जातं. म्हणून नवा राउटर माजघरात, तक्तपोशीच्या खाली, माणसाच्या डोक्याच्या वर उघड्यावर बसवा. ओटी ते माजघर कॅट ६ केबल टाका, पूर्ण तांब्याची. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण तिची टोकं दमट हवेत लवकर दगा देतात. स्पीड १०० एमबीपीएसच्या आतच अडकला तर टोकाचं क्रिंपिंग (पिन दाबून बसवणं) तपासा, गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात.

बिघाड नेमका कुठे, हे घरबसल्या ओळखायचं तर नेट गेलेलं असतानाच पाहावं लागतं. लॉस नावाचा दिवा लाल असेल तर बाहेरची लाइन. पॉन हिरवा स्थिर आणि इंटरनेटचा दिवा बंद, तर लाइन शाबूत आहे, अडचण कंपनीच्या लॉगिनची किंवा थकलेल्या बिलाची. सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागले तर वीज. सगळे दिवे ठीक आणि नेट नाही, तर घरातलं वायफाय. तेव्हा ओएनटीला केबलने लॅपटॉप जोडून पाहा, त्यावर चाललं तर नक्कीच.

भेटीचे ३०० रुपये परत मागितलेत. ते शोधण्याचे आहेत, सामान विकण्याचे नाहीत, म्हणून परत करत नाही. मात्र याच तक्रारीसाठी पुन्हा आलो तर भेटीचे पैसे लागणार नाहीत. रोझेटचं काम, केबल आणि राउटर माजघरात हलवणं एकाच फेरीत होईल, त्यात केबल मीटरच्या हिशेबाने आणि रोझेट नवं लागलं तर त्याची किंमत, एवढंच. पट्टी काढायला तुमची परवानगी वडिलांना कळवा, दिवस ते ठरवतील. तोवर त्यांना एक विनंती पोचवा: नेट गेलं की डबा लगेच बंद करू नका. आधी कुठला दिवा लाल आहे आणि कुठला विझलाय ते पाहून, वेळेसह भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.