एवढ्या माणसांना सोळा टाक!

हाताने फोकस करायच्या फिल्म कॅमेऱ्याला समोर एखादी उभी, सरळ आणि न हलणारी रेघ लागते. आमच्या अख्ख्या घराण्यात अशी रेघ नाही.

कॅमेरा निकॉन एफएम १०. आला १९९५ साली. नाव निकॉनचं, घडवला कोसिना या दुसऱ्याच कंपनीने, म्हणजे दत्तकच. व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीच्या मधोमध एक वर्तुळ, आडवं चिरलेलं. फोकस नसला की वरचा अर्धा भाग एकीकडे नि खालचा भलतीकडे. रिंग फिरवून दोन्ही जुळवायचे. आत्याच्या पंचाहत्तरीला सगळ्या घराण्याचा फोटो काढायला ते वर्तुळ मी काकांच्या तोंडावर धरलं, तर नाक कोथरूडला आणि मिश्या हडपसरला. दोघांची गाठ पडणार एवढ्यात काका मागे वळून पाणी मागायला लागले.

वर्तुळाभोवती मायक्रोप्रिझमचं, म्हणजे इवल्या इवल्या लोलकांचं कडं असतं. फोकस नसेल तर ते चमचमतं, जमला की शांत होतं. म्हटलं, आत्यावर धरू, ती तरी हलत नाही. पण तिने नेसली होती पैठणी! आता कडं चमचमतंय की पदराची जर, कसं ओळखायचं? शेवटी मागच्या खांबावर फोकस केला. खांब अप्रतिम आला असता.

मग अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक; त्याचे आकडे एफने सांगतात. पडवीत कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर एफ २.८ ला १/६० सेकंद देत होता. तीन रांगा नीट यायच्या तर निदान आठ हवा, आणि आठला मीटर मागतो १/८ सेकंद. तेवढ्यात आमच्याकडे दोघांची शिंक होते. वरात अंगणातल्या उन्हात हलवली. लगेच सगळ्यांचे डोळे बारीक.

"किती ठेवलंयस?" काकांनी विचारलं.

"आठ."

"एवढ्या माणसांना आठ? सोळा टाक! कंजूषपणा कशाला?"

आकडा वाढला की भोक लहान होतं, हे मी सांगून पाहिलं. "मग आकडा कशाला वाढवतात?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वैताग याचा, की भोक लहान तेवढी फोकसची खोली जास्त, पुढचेमागचे जास्त लोक स्पष्ट, म्हणजे माणसं जास्त तर आकडा मोठा हे काकांचं गणित बरोबरच होतं.

वर्तुळाचा नाद सोडला आणि लेन्सवरची अंतराची पट्टी धरली. पन्नास मिलिमीटरची लेन्स, एफ ८, फोकस तीन मीटरवर: साधारण सव्वादोन-अडीचपासून चार मीटरपर्यंत सगळं स्पष्ट. मधल्या रांगेपर्यंत पावलं मोजली, उजेड बरोबर असल्याचा मधला दिवा लागला, काका चक्क हसले. बोट बटणावर ठेवलं आणि स्वयंपाकघरातून वहिनी हात पुसत धावत आली. "मला सोडून काढताय होय?" म्हणत पुढच्या सतरंजीवर ऐसपैस बसली. दीड मीटरवर.

काका खूश. "बघ! आता बावीस टाक."