एका गाईवर तीस एकर? जरा हिशेब मांडू

‘आधी शास्त्रज्ञांनी शेती नासवली, आता तेच शाश्वत शेती शिकवायला निघालेत’ अशा अर्थाचा एक लांबलचक मजकूर सध्या मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. थोडक्यात म्हणणं असं: पूर्वी जमीन सुपीक आणि माणसं ठणठणीत होती; युरिया, किरणं मारलेलं बियाणं आणि फवारण्यांनी सगळ्याची वाट लावली; तेव्हा एक देशी गाय पाळा आणि कृषी विद्यापीठांना टाळं ठोका. सगळ्यात खाली ‘विषमुक्त भाजी घरपोच’ अशी जाहिरात आणि फोन नंबर. मजकूर अगदीच टाकाऊ नाही, त्यात अर्धी-कच्ची सत्यं आहेत, म्हणूनच तो खपतो.

‘आजोबा खताशिवाय पिकवायचे आणि शंभरी गाठायचे.’

ज्यांचे आजोबा जगले त्यांचीच नातवंडं हे लिहितात. १९५१च्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता आणि सगळा दोष अन्नाचा नव्हता, हे मान्य. पण १९६६ साली आपण एक कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आणत होतो, तेही लोकसंख्या पन्नास कोटींच्या घरात असताना. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळालेला लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) ज्यांनी खाल्लाय, त्यांना एकदा विचारा.

‘एका देशी गाईच्या शेणावर तीस एकर शेती होते.’

हा मुद्दा सगळ्यात लाडका, म्हणून हिशेबच करू. हा दावा ज्या जीवामृतावर, म्हणजे शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या द्रावणावर, उभा आहे, त्याच्या प्रचलित कृतीत एकरी दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोनेक किलो गूळ आणि तेवढंच बेसन दोनशे लिटर पाण्यात घालतात. ताज्या शेणात नत्र (नायट्रोजन, पिकाचं मुख्य अन्न) असतं अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर. म्हणजे दहा किलोत फार तर पन्नास ग्रॅम. गोमूत्रातलं धरा, महिन्यातून दोनदा द्या, तरी हंगामाअखेर बेरीज एक-दोन किलोच्या पलीकडे सहसा जात नाही. उलट एक टन भात शेतातून निघून खळ्यावर येतो तेव्हा सोबत पंधरा ते वीस किलो नत्र घेऊन येतो. ही तूट कोण भरणार? जीवाणू भरतील, असं उत्तर येतं. तुरीच्या, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतलं नत्र खरोखर धरतात, आणि हेही संशोधनानंच दाखवून दिलं. पण भाताच्या मुळांना तशा गाठी नसतात.

हाच प्रयोग श्रीलंकेनं देशभर करून पाहिला. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी जाहीर झाली. (तिजोरीत डॉलर नव्हते, हेही एक कारण होतंच.) भात घसरला, चहा घसरला, तांदळात जवळपास स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तांदूळ आयात करावा लागला आणि नोव्हेंबरमध्ये सरकारनं माघार घेतली. याचा अर्थ शेणखत नको असा नाही. जमिनीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-शेणातला कार्बन) त्याशिवाय टिकत नाही. फक्त ते टनांत लागतं. दहा किलोंत भागत नाही.

‘युरियानं जमिनी मेल्या.’

इथे मात्र फॉरवर्डवाल्याचं निम्मं बरोबर आहे. युरियाचा बेसुमार वापर होतो, जमिनी बिघडतात, विहिरींत नायट्रेट उतरतं. पण तो का होतो? ४५ किलोची युरियाची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना पडते, आणि डीएपी या स्फुरदयुक्त खताची ५० किलोची १,३५० ला. २०१० साली स्फुरद-पालाशच्या (फॉस्फरस-पोटॅशच्या) खतांचं अनुदान नव्या पद्धतीनं ठरू लागलं, युरिया त्यातून बाहेर राहिला. स्वस्त ते जास्त पडणारच. हा निर्णय दिल्लीतला आहे. त्याचं पाप प्रयोगशाळेच्या माथी मारता येत नाही.

प्रयोगशाळेनं काय केलं ते आपल्याच कोकणात पाहता येतं. चिखलात वरून फेकलेल्या युरियातलं निम्म्याहून अधिक नत्र भाताला मिळतच नाही. काही हवेत उडतं, काही पाण्याबरोबर जातं. यावर कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी भातलावणीची चारसूत्री पद्धत बसवली. भाताचा पेंढा आणि तुसाची राख परत जमिनीत, गिरिपुष्पाच्या झाडाचा पाला चिखलात, खुणा केलेल्या दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून-पालटून अंतरानं लावणी, आणि प्रत्येक चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची एक ब्रिकेट. ही गोळी २.७ ग्रॅमची. बोटांनी दाबून सात-आठ सेंटिमीटर खोल चिखलात सोडायची. मग नत्र मुळांशी सावकाश सुटत राहतं, आणि खत कमी लागतं. आता यात सेंद्रिय कुठलं आणि रासायनिक कुठलं, ते फॉरवर्डवाल्यानंच ठरवावं. पद्धतीची खरी अडचण वेगळीच आहे: गोळ्या हातानं खोचायच्या म्हणजे लावणीवरच्या बायकांची कंबर आणखी मोडते, आणि ब्रिकेट वेळेवर मिळेलच असं नाही. टीका करायची तर इथे करा.

‘भाभा अणुसंशोधन केंद्रातले किरणोत्सर्गी शेंगदाणे खाऊन कॅन्सर होतो.’

मुंबईत ट्रॉम्बेच्या या केंद्रात बियाण्यावर गॅमा किरण सोडतात हे खरं. पण एक्स-रे काढून आलेला माणूस घरी किरणं सोडत बसत नाही, तसंच हे बी. किरणांनी जनुकांत बदल होतात, त्यातले बहुतेक निरुपयोगी असतात; हजारो रोपांतून कामाची निवडून पिढ्यान् पिढ्या तपासावी लागतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठासोबत काढलेला टीएजी-२४ हा बुटका, भरघोस शेंगांचा भुईमूग असाच आला. उपवासाला तुम्ही जे दाणे कुटता, त्यांत तो कधी ना कधी असणारच.

‘शास्त्रज्ञांनी विष दिलं, आपण खातोय.’

विषाची पहिली झळ खाणाऱ्याला नाही, फवारणाऱ्याला बसते. २०१७ मध्ये एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. फॉरवर्डमध्ये त्यांचा उल्लेखही नाही. पण फवारणी कमी कशी करायची, याची उत्तरंही संशोधनातूनच येतात. २००८ साली कोइमतूरकडे पपईवर पिठ्या ढेकूण ही कीड आली. अंगावर मेणचट कापूस, त्यामुळे औषध लागू पडेना. बागाच्या बागा गेल्या. २०१० मध्ये बंगळुरूच्या कीटक संशोधन संस्थेनं प्युर्टो रिकोहून एक बारीक परजीवी किडा मागवला, तपासून वाढवला आणि सोडला. तो ढेकणाच्या अंगातच अंडी घालतो. काही महिन्यांत कीड आटोक्यात आली, फवाऱ्याविना.

राहता राहिला तळाचा फोन नंबर. भाजी सेंद्रिय म्हणून विकायची तर २०१७ च्या नियमांप्रमाणे प्रमाणपत्र लागतं, एनपीओपीचं (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं) किंवा पीजीएसचं (शेतकरी गटांनी एकमेकांना तपासून द्यायचं). सवलत आहे ती वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या आणि ग्राहकाला थेट विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला. वाशी मार्केटमधून माल उचलून तुमच्या गेटवर दुप्पट भावानं उतरवणारा त्यात बसत नाही. त्याच्याकडे प्रमाणपत्र मागा.